अर्ध्या एकराचा फोन

कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची एक आळी आहे. सकाळपासून तिथे ठोके सुरू असतात. आळीच्या तोंडाशी खाली भांड्यांचं दुकान आणि वर कचेऱ्या अशी एक इमारत होती. तिच्या दुसऱ्या मजल्यावर ‘औतकाठी यंत्रसेवा’ नावाच्या कंपनीत आम्रपाली रामटेके फोन घ्यायला बसायची. कानावर हेडफोन चढवला की खालचे ठोके बंद व्हायचे आणि शेतं सुरू व्हायची. कुणाला नांगरटीला ट्रॅक्टर हवा असायचा, कुणाला रोटाव्हेटर, कुणाला मळणी यंत्र. ज्यांना स्वतःचं यंत्र घेणं झेपत नाही त्यांना ते भाड्याने मिळवून द्यायचं, हा कंपनीचा धंदा. आम्रपालीने नाव, गाव, क्षेत्र आणि पीक विचारायचं, संगणकात भरायचं आणि शेवटी म्हणायचं, “आपली विनंती नोंदवली आहे. धन्यवाद.”

सुरुवातीला त्या खोलीत फोन घेणाऱ्या बायकांची रांग होती. मग कंपनीचं ॲप आलं. ज्यांच्या हातात बरा मोबाइल आणि घरात शिकलेली पोरं होती, ते तिकडे गेले. रांगेतल्या बायका एकेक करून कमी झाल्या आणि शेवटी आम्रपाली एकटी राहिली. आता तिच्याकडे फोन यायचे ते मागे उरलेल्यांचे. म्हातारी माणसं, एकट्यादुकट्या बायका, टीचभर जमिनीचे मालक. कंपनीने तिला काढलं नाही, कारण तिला काढायचं असं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

ती मूळची भंडारा जिल्ह्यातली, पवनीच्या बाजूची. बाप धानाची शेती करायचा. शाळेत असताना तिने स्वतः गुडघाभर चिखलात वाकून रोवणी केली होती. धाकटा भाऊ चेतन पुण्याला इंजिनिअरिंगला लागला, तेव्हा त्याला करून घालायला म्हणून ती आली. तो शिकला, नोकरीला लागला, लग्न करून जर्मनीला गेला. ती राहिली. गावी आईबाप उरले नव्हते, तेव्हा परत जायचं तर कुणाच्या दारात, हा प्रश्नच होता. लग्नाचं वय कधी निघून गेलं तेही तिला नीट कळलं नाही. एकदा कात्रजच्या बसमध्ये एका पोरीने उठून “काकू, बसा ना” म्हणत जागा दिली, तेव्हा कळलं.

कात्रजला तिची एक खोली होती. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पलंग, कोपऱ्यात ओटा. आजूबाजूच्या दारांत नोकरीवाली तरुण मुलं राहायची आणि वर्ष-दोन वर्षांत बदलायची. त्यांची नावं पाठ होईस्तोवर ती निघून जायची. रविवारी चेतनचा व्हिडिओ कॉल यायचा.

“जय भीम, ताई. बरी आहेस ना?”

“बरी आहे. तुम्ही?”

मग तो आपल्या मुलीला पुढे करायचा. ती मुलगी आत्याकडे परक्या पाहुण्याकडे बघावं तशी बघायची आणि पळून जायची. दिवसभर बोलून बोलून घसा कोरडा करणारी आम्रपाली घरी आल्यावर कित्येकदा झोपेपर्यंत तोंडातून शब्द काढायची नाही. काढणार तरी कुणापाशी?

गोदाबाईंचा पहिला फोन दिवाळी संपता संपता आला.

“ह्यालो, भात कापायचं मशीन तुमच्याकडंच मिळतं न्हवं?”

“नमस्कार, औतकाठी यंत्रसेवेत आपलं स्वागत आहे. आपलं नाव सांगता का?”

“गोदाबाई. अन् तू गं? टेप लावलीया का खरी बाई हायेस?”

आम्रपालीला हसू आलं. “खरीच आहे, मावशी.”

“मंग बरं हाय. टेपीला सांगून कटाळले मी.”

गोदाबाई बोरखिंडीच्या. खडकवासल्याच्या पुढे, पाण्याच्या कडेकडेने जाऊन डोंगरात शिरलं की लागतं ते गाव. नवरा वारलेला, एक मुलगी, ती सासरी. जमीन अर्धा एकर, तीही उतारावर एकाखाली एक उतरलेल्या खाचरांत विभागलेली. पूर्वी कापणीला सगळं गाव एकमेकांच्या शेतात जायचं. आता तरणी माणसं खाली शहरात गेली होती, कुणी इमारतीवर रखवालदार, कुणी गाडीवर चालक. विळा धरायला माणूस मिळत नव्हता.

“मपलं भात पिकून पिवळं झालंय, बाय. आता न्हाई कापलं तर दाणं गळाया लागतील. अन् खाली ओल हाय तवर वाल टाकायचा असतोय. त्यो दरसाल ऱ्हातो. एकटीनं कापता कापता जमीन वाळून जातीया.”

हे सगळं आम्रपालीला सांगायची गरज नव्हती. पिकलेलं धान उभं राहिलं की बाप रात्री अंथरुणावर कसा कूस बदलायचा ते तिने पाहिलं होतं. मागून हाताने धरून चालवायचं छोटं कापणी यंत्र, ज्याला सगळे रिपर म्हणतात, ते अर्धा एकर बघता बघता कापून टाकतं. तिने माहिती भरली. क्षेत्राच्या रकान्यात अर्धा एकर टाकल्याबरोबर पडद्यावर लाल पट्टी आली. इतक्या लहान क्षेत्राला यंत्र पाठवलं जात नाही.

तिने नेहमीचं वाक्य म्हटलं, “आपली विनंती नोंदवली आहे.”

दुसऱ्या दिवशी गोदाबाईंचा पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशीही.

“नोंदवलीया म्हणालीस न्हवं? मंग ती नोंदवलेली विनंती बसलीया कुठं? तिला म्हणावं, ऊठ.”

आम्रपाली व्यवस्थापकाकडे गेली. अभिनव तिच्यापेक्षा बराच लहान, सदाशिव पेठेतला. माणूस वाईट नव्हता, पण बोलणं तिरकस.

“ताई, रिपर पिकअपमध्ये चढवायचा, डोंगर चढायचा, अर्धा एकर कापायचा आणि परत यायचं. तेवढ्या वेळात खालच्या गावात दहा जणांचं काम होतं. आपण मशीन भाड्याने देतो, समाजसेवा नाही.”

“त्यांचं भात गळेल, सर.”

“गळेल. आणि तुमच्या मावशींसारखे आणखी शंभर आहेत. प्रत्येकीकडे एकेकदा गेलो तर आपण गळू.” मग जरा नरमून तो म्हणाला, “शेजारीपाजारी मिळून क्षेत्र भरत असेल तर बघा. एका फेरीत दोन-तीन शेतं झाली तर पाठवतो मी.”

त्या दुपारी फोन आला तेव्हा आम्रपालीने घाईघाईत विचारलं, “मावशी, तुमच्या बांधीला लागून आणखी कुणाचं धान आहे का?”

“बांधी? ती काय आणि?”

आम्रपालीने जीभ चावली. इतक्या वर्षांत नोकरीवर तिच्या तोंडून गावाकडचा शब्द निसटला नव्हता. “खाचर हो, खाचर. आमच्याकडे बांधी म्हणतात. भाताला धान म्हणतात.”

“आमच्याकडं म्हंजी कुठं?”

मग तिने सांगितलं. नदी, गाव, बाप, रोवणी. भातलावणीला ‘रोवणी’ म्हटलेलं ऐकून हसता हसता गोदाबाईंच्या हातातून फोन पडायची पाळी आली, कारण त्या तिला ‘आवणी’ म्हणत. आम्रपाली बोलत राहिली. कुणी तिला तिच्या गावाविषयी विचारल्याला किती काळ लोटला होता, हे तिला त्या हसण्यात जाणवलं. शेवटी गोदाबाईंनीच विषयाला हात घातला.

“लागून हाय की. माझा दीर, शंभू. पर त्याचं नाव काढू नगं.”

घराची भिंत एक, बांध एक, आणि बोलणं बंद. नवरा गेल्यावर शंभूने बांध आपल्या बाजूने कोरून पुढे सरकवला, असं गोदाबाईंचं म्हणणं. वहिनीने रागाच्या भरात आपल्या खाचरातले दगड त्याच्या भातात फेकले, असं शंभूचं म्हणणं. त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

“त्यांचा नंबर आहे तुमच्याकडे?”

“मपल्याकडं कुठनं असंल? पर त्याच्या दारावर लिवलाय, दुधाचा धंदा करतोय ना. मला अक्षर येत न्हाई, आकडं येत्यात. थांब, बाहीर जाते.”

आणि गोदाबाईंनी दिराच्या दारासमोर उभं राहून, चोरासारख्या दबल्या आवाजात, एकेक आकडा फोनमध्ये सांगितला.

शंभूने फोन उचलला. सगळं ऐकून घेतलं. “तिनं सांगितलं व्हय, फोन करायला?”

“नाही हो, मी आपणहून करते आहे. तुमच्या एकट्याच्या क्षेत्रालाही मशीन मिळणार नाही. दोघांचं मिळून मिळेल.”

तो म्हणाला, “मलाबी पायजे मशीन. गुडघं गेल्यात माझं. पर तिला सांगा, आधी मपलं कापायचं.”

तिने गोदाबाईंना फोन लावला. “त्याला सांग, आधी कापू दे न्हाई तर मागनं. पर मशीन मपल्या खाचरात येणार कसं? वाट न्हाई. त्याच्या खाचरातनंच यावं लागतंय, अन् त्यासाठी बांध फोडाया लागंल.”

तोच बांध. पुन्हा शंभू. “मी कुदळ मारली की ती म्हणंल, पुन्यांदा कोरला.” पुन्हा गोदाबाई. “मी मारली तर म्हणंल, कुरापत काढली.” दोन दिवस हे असंच चाललं. एका भिंतीच्या दोन बाजूंना बसलेली माणसं कसबा पेठेतून एकमेकांशी बोलत होती. बाकीचे फोन घेता घेता आम्रपालीचं अर्धं लक्ष त्या बांधावर असायचं. घरी जाताना बसमध्येही ती शंभूला काय सांगायचं याची जुळवाजुळव करायची, आणि स्वारगेट कधी गेलं ते कळायचं नाही. खरं सांगायचं तर बऱ्याच वर्षांत ती इतकी गुंतलेली नव्हती. त्या गुंतण्यात तिला बरं वाटत होतं.

शेवटी ती कंटाळली. “थांबा दोघं,” असं म्हणून तिने दोन्ही फोन एकत्र जोडले.

दोन्हीकडून एकाच गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. कुणीतरी घसा खाकरला. मग शंभूचा आवाज आला, “वैनी, ऐकतीयास का?”

आम्रपालीने हेडफोन कानावर दाबून धरला.

“ऐकतीया.”

“बांध मी फोडतो. कापणी झाली की तू हुबी ऱ्हा, अन् तुझ्या हातानं भरून घे. कुठनं भरायचा त्यो तुझ्या मनानं. मी मधी बोलणार न्हाई.”

गोदाबाई म्हणाल्या, “गुडघं लई दुखत्यात का रं?”

पुढचं बोलणं मशीनचं नव्हतं. औषधाचं होतं, गाईचं होतं, गोदाबाईंच्या लेकीचं होतं. आम्रपालीने आपला आवाज बंद केला, पण फोन ठेवला नाही. ठेवायला हवा होता. ती खिडकीशी बसून ऐकत राहिली. त्या दोघांना ती जोडलेली आहे याचा विसर पडला होता. गोदाबाई “बरं, ठिवते” म्हणाल्या तेव्हाही ते तिला उद्देशून नव्हतं.

मशीन गेलं. ते चालवणाऱ्या रतनने उतारावर पिकअप थांबवून फोन केला, “ताई, वाट कुठाय?” आणि पलीकडून शंभूचा आवाज आला, “हिकडनं, हिकडनं, बांध फोडलाय.” थोड्या वेळाने गोदाबाईंचा फोन आला. त्यांनी मोबाइल खाचराच्या दिशेने धरला होता. इंजिनाची घरघर, मध्येच बायकांचं हसणं. मग ओरडून त्या म्हणाल्या, “बाय गं, आडवं पडत चाललंय सगळं! इळा लावायचं काम न्हाई!”

त्यानंतर फोन थांबले.

का थांबले हे उघडच होतं. काम झालं होतं. तरी आठवडाभर आम्रपालीला प्रत्येक घंटीला वाटायचं, हा त्यांचाच. एकदा तिने स्वतः लावला. शंभूच्या बायकोने उचलला. “त्या व्हय? वाल टाकाया गेल्यात आमच्या मालकांसंगं.” आणि दुसऱ्या दिवशी गोदाबाईंचा निरोप आला, रविवारी नवा भात खायला ये.

आम्रपालीने ठेवणीतली निळी सुती साडी नेसली. स्वारगेटहून बस. खडकवासला मागे पडलं, पाणी बराच वेळ एका अंगाला राहिलं, मग डोंगर. शेवटच्या टप्प्याला जीप. वाटभर ती मनात गोदाबाईंशी बोलत होती. काय काय सांगायचं ते ठरवत होती.

खळ्यावर झोडणी चालू होती. फळीवर पेंढ्या आपटत होते, भुशाचा वास सुटला होता. आम्रपालीने सगळ्यांकडे पाहिलं आणि त्या भारदस्त आवाजाची बाई शोधली. तशी कुणीच नव्हती. एक काटकुळी, ठेंगणी बाई पदर सावरत पुढे आली.

“आल्या व्हय मॅडम? या, या. आरं, खुर्ची आणा.”

‘मॅडम’ ऐकून आम्रपालीला क्षणभर वाटलं, ही दुसरी कुणी असेल. पण आवाज तोच. खुर्ची आली, सावलीत ठेवली गेली. चहा आला. शंभू लांबूनच हात जोडून पुन्हा कामाला लागला. गोदाबाई जवळ बसल्या, पण अंग चोरून, जमिनीवर. “बसा वर, मावशी,” म्हटलं तर “नगं, बरी हाय हितं.” फोनवर ‘तू गं’ म्हणणारी बाई आता ‘तुमी’ म्हणत होती. कपड्यांकडे बघून म्हणत होती की पायातल्या चपलांकडे, कोण जाणे.

“मलाही झोडता येतं,” आम्रपाली म्हणाली आणि उठली. तिने एक पेंढी उचलली, मुठीत घट्ट धरली आणि फळीवर आपटली. दाणे सडसडून खाली पडले. हातांना सगळं आठवत होतं. पण दोन-चार पेंढ्या झाल्या असतील-नसतील, तर शंभूच्या बायकोने हसत तिच्या हातातून पेंढी काढून घेतली. “ऱ्हाऊ द्या मॅडम, चांगली साडी खराब व्हईल.” सगळे कौतुकाने हसले. ती पुन्हा खुर्चीवर जाऊन बसली.

खाचरांत वालाचे कोंब नुकते वर येत होते. फोडलेला बांध भरून झाला होता. कुठून भरलाय ते विचारावं असं तिला वाटलं, पण विचारलं नाही. ते त्या घरातलं होतं.

जेवायला नवा भात, वालाची आमटी आणि भाजलेली सुकट होती. गोदाबाई वाढत राहिल्या. जेवण झालं, गप्पा अशा झाल्याच नाहीत. जीपपर्यंत पोचवायला त्या आल्या. जीप भरायची होती, म्हणून दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. गोदाबाईंच्या हातात तांदळाची पिशवी होती, ती त्यांनी पुढे केली.

“फोनवर बरं वाटायचं बोलाया,” त्या खाली बघत म्हणाल्या. “आता समोर हायसा तर काय बोलावं ते सुचंना.”

“मलाही,” आम्रपाली म्हणाली.

तेवढं एकच त्या दिवशी दोघींनी खरं बोललेलं होतं. जीपवाल्याने हाक मारली.

हिवाळाभर आम्रपालीने एक केलं. कुणीही तुकड्याएवढ्या जमिनीसाठी फोन केला की नेहमीच्या वाक्याआधी ती विचारायची, “शेजारी कोण आहे? त्यांच्याशी बोलणं आहे का?” बहुतेक ठिकाणी असायचं. काही ठिकाणी नसायचं, तिथे ती मध्ये पडायची. भोर, वेल्हे, मुळशी, डोंगराळ भागातल्या बऱ्याच शेतांत त्या हंगामात पहिल्यांदा यंत्र गेलं, आणि जिथे कापणी वेळेवर झाली तिथे मागून हरभरा, मसूर, वाल उभा राहिला. अभिनवने बैठकीत तिचं नाव घेतलं. “ताईंनी भांडणं मिटवायचं खातं उघडलंय,” तो म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उन्हाळ्यात त्याने ती गोष्ट ॲपमध्ये घातली. शेजाऱ्यांचे नंबर टाकले की एकत्र मागणी आपोआप तयार व्हायची.

“आता तुम्हाला त्रास नाही,” तो मनापासून म्हणाला.

त्रास खरंच कमी झाला. दिवसाला येणारे फोन हाताच्या बोटांवर आले. आम्रपाली खिडकी उघडी ठेवायला लागली, तेवढाच खालच्या ठोक्यांचा आवाज.

पावसाळ्याच्या तोंडावर भातखाचरांच्या चिखलणीसाठी पॉवर टिलरच्या मागण्या सुरू झाल्या. पडद्यावर त्या एकाखाली एक सरकत होत्या आणि ती नुसती मंजूर करत होती. त्यात बोरखिंड दिसली. एकाच मागणीत दोन नावं, गोदाबाई आणि शंभू. शंभूच्या मुलाने ॲपवरून भरली होती. सगळं बरोबर होतं, विचारण्यासारखं काही नव्हतं. तरी आम्रपालीने हेडफोन नीट केला आणि गोदाबाईंचा नंबर लावला.

फोन एका तरुण बाईने उचलला. शंभूची सून असावी.

“थोरल्या आत्याबाई व्हय? त्या खाली खाचरात गेल्यात, मामंजींसंगं. फोन हितंच ठिवून गेल्या. कोण बोलतंय?”

“औतकाठीतून.”

“काय निरोप हाय का?”

पलीकडे कुणीतरी हसत होतं, भांडी वाजत होती, आणि ती सून फोन धरून वाट बघत होती.

“नाही,” ती म्हणाली. “टिलर परवा सकाळी येईल, एवढंच सांगा.”